अनोळखी गावी मुक्काम : 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चे प्रवासलेखन म्हणून वाचन

प्रास्ताविक

पाठीवर पिशवी, हाती नकाशा आणि रात्री उशिरा एखाद्या परक्या शहराच्या स्थानकावर उतरणे हा आधुनिक प्रवासलेखनातील एक ठरलेला प्रसंग आहे. दुकानांच्या पाट्यांवरील लिपी ओळखीची नसते, रिक्षावाला सांगतो तो दर खरा की खोटा हे कळत नाही आणि ज्या खोलीचा पत्ता खिशात आहे ती मिळेल की नाही याची धाकधूक मनात असते. जगभर हिंडणाऱ्या बॅकपॅकर मंडळींच्या लेखनात हा प्रसंग वारंवार येतो. तो वाचकालाही आवडतो, कारण त्यातील भीती सुरक्षित असते. सकाळ होईल, कोठेतरी खोली मिळेल, गरम चहा मिळेल, याविषयी लेखकाला आणि वाचकाला आतून खात्री असते.

ही खात्री कोठून येते हा प्रश्न प्रवासवर्णनाच्या समीक्षेत फारसा विचारला गेलेला नाही. पैसे दिले की खोली मिळते, भाडे दिले की गाडीवाला नेतो आणि मागितले की पाणी मिळते, हे प्रवासवर्णन गृहीत धरते. मराठी माणसाने लिहिलेल्या एका छोट्या इंग्रजी पुस्तकाने हे गृहीतच उलटे केले. ते पुस्तक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. यातील एक महत्त्वाचा प्रसंग खानदेशात, धुळे मार्गावर आणि चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाबाहेर घडतो. म्हणून खानदेशातील वाचकाच्या दृष्टीने या पुस्तकाला वेगळे महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात या पुस्तकाकडे अनोळखी गावी पोहोचण्याचे आणि मुक्कामाचे लेखन, म्हणजेच प्रवासलेखन, या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठी प्रवासलेखनातील आगमन

मराठी प्रवासलेखनाची परंपरा समृद्ध आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रथम प्रसिद्ध झाला. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरील प्रवासवृत्त १८८९ मध्ये आले. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकाने प्रवासवर्णनाला ललित वळण दिले. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) परदेशी जाणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाच्या तयारीचे आणि बावरलेपणाचे विनोदी चित्र घराघरांत पोहोचवले. पुढे मीना प्रभु यांनी 'माझं लंडन' (१९९३) आणि त्यानंतरच्या अनेक पुस्तकांतून स्वतःच्या हिमतीवर देशोदेशी फिरणाऱ्या स्त्रीचा अनुभव मराठीत आणला. या लेखकांचे स्वभाव, हेतू आणि काळ भिन्न आहेत. तथापि, परक्या मुलखात पाऊल ठेवणारा प्रवासी हा पाहुणा आहे, ही भूमिका बहुतेक ठिकाणी समान आढळते. पाहुण्याची गैरसोय होऊ शकते, फसवणूक होऊ शकते, गंमत होऊ शकते. त्याचे पाहुणेपण मात्र कोणी नाकारत नाही.

या परंपरेत धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' (१९२४) हे आत्मकथन वेगळे उठून दिसते. गोव्यातील साखवळ येथे जन्मलेले कोसंबी बौद्ध धर्माच्या ज्ञानासाठी घराबाहेर पडले आणि पुणे, काशी, नेपाळ, बोधगया, सिंहल, ब्रह्मदेश असे हिंडले. खिशात फारसे पैसे नाहीत, पुढच्या गावी कोण भेटेल याची कल्पना नाही, अशी त्यांची स्थिती अनेकदा होती. आजच्या अर्थाने पाठीवर संसार घेऊन निघालेला प्रवासी मराठीत शोधायचा झाल्यास कोसंबींकडेच बोट दाखवावे लागेल. पण काशीत या निष्कांचन विद्यार्थ्याला अन्नछत्रात जेवण मिळू शकले. ब्राह्मण म्हणून जन्माला आल्यामुळे हे दार, कितीही कुरकुरत का होईना, त्यांच्यासाठी उघडले. त्यांच्या ज्ञाननिष्ठेचे आणि सोसलेल्या कष्टांचे मोल याने कमी होत नाही. मात्र रिकाम्या खिशाच्या माणसालाही आपल्या समाजात निवारा मिळू शकतो, असे जे आपण अभिमानाने म्हणतो, त्यामागे कोणती अट असते हे यातून दिसते. आंबेडकरांच्या पुस्तकात याच्या नेमके उलटे घडते. तेथे खिशात पैसे आहेत, पण निवारा नाही.

पुस्तकाचे स्वरूप

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आंबेडकरांच्या हस्ताक्षरातील आठवणींचे लहानसे लेखन आहे. ते १९३५-३६ च्या सुमाराचे मानले जाते. लेखकाच्या हयातीत ते प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकेच्या रूपात काढले आणि पुढे वसंत मून यांनी संपादित केलेल्या, महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात (१९९३) त्याचा समावेश झाला. लेखनाचा वाचक कोण हे आरंभीच स्पष्ट होते. अस्पृश्यता आहे हे परदेशी माणसाला ठाऊक असते, पण ती शेजारी राहून अनुभवलेली नसल्याने तिचा जाच त्याला उमगत नाही. तो उमगावा म्हणून घडलेले प्रसंगच सांगावेत, अशी लेखकाची भूमिका आहे.

पुस्तकात एकूण सहा भाग आहेत. पहिले चार लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यातील असून शेवटचे दोन इतरांवर गुजरात-काठियावाडात गुदरलेल्या प्रसंगांचे आहेत. लेखकाच्या चारही प्रसंगांची मांडणी पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. चारही प्रसंग प्रवासातले आहेत आणि प्रत्येकात कोणीतरी एका ठिकाणी पोहोचते व तेथे अडते. मसूर, बडोदे, चाळीसगाव आणि दौलताबाद ही त्या ठिकाणांची नावे. आंबेडकरांना शाळेतील, कचेरीतील वा सभेतील अपमानाचे अनुभव कमी नव्हते. पहिल्या भागात शाळेतील गोणपाटाचा आणि पाण्याचा उल्लेखही आहे. तरीही मुख्य कथनासाठी त्यांनी प्रवास निवडला. ही निवड सहेतुक मानावी लागते. आपल्या गावात माणसाने व्यवस्थेशी कसेबसे जुळवून घेतलेले असते. कोणत्या विहिरीवर जायचे नाही, कोणत्या गल्लीतून वळायचे नाही, हे अंगवळणी पडलेले असते. अनोळखी गावी ही सवय उपयोगी पडत नाही आणि व्यवस्थेचे खरे रूप उघडे पडते.

मसूर : तहानेची रात्र

पहिला प्रसंग १९०१ सालचा आहे. साताऱ्यास राहणारी मुले, म्हणजे भीमराव, त्यांचे बंधू आणि मोठ्या बहिणीचे दोन मुलगे, उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांच्या नोकरीच्या गावी निघतात. नवे कपडे, पहिलाच आगगाडीचा प्रवास, हाती पैसे. कोणत्याही प्रवासवर्णनाला शोभावा असा हा आरंभ आहे. मसूर स्थानकावर ती उतरतात. वडिलांना पत्र न मिळाल्याने न्यायला कोणी आलेले नसते. नीटनेटकी मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. मुले आपली जात सांगतात आणि त्याचा चेहरा पालटतो. गाडीवाले दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार होत नाहीत. अखेर मुलांनी गाडी हाकावी आणि गाडीवानाने सोबत पायी चालावे असे ठरते. रात्री नाक्यापाशी मुक्काम पडतो. शिदोरी आहे, पण पाणी नाही. गाडीवानाच्या सल्ल्यावरून मुलगा आपण मुसलमान असल्याचे सांगून उर्दूत पाणी मागतो. तेही मिळत नाही. डब्यात अन्न असूनही मुले उपाशी निजतात.

या प्रसंगाच्या कथनात लेखकाने कोठेही आवाज चढवलेला नाही. भाडे, वेळ, अंतर आणि शिदोरी यांचा हिशेब तो देत जातो. प्रवासवर्णनकार जी व्यावहारिक माहिती वाचकाच्या सोयीसाठी देतो, तीच माहिती येथे आरोपपत्राचे काम करते. दुप्पट भाडे हा तपशील विशेष बोलका आहे. बाजाराचा नियम असा की, अधिक दाम मोजले की अडचण दूर होते. येथे दाम दुप्पट झाले आणि गाडीवान बैठकीवरून खाली उतरला.

न्यूयॉर्क आणि बडोदे

दुसऱ्या प्रसंगात खरोखरीचे परदेशी शहर पार्श्वभूमीला आहे. आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि तेथून १९१६ मध्ये लंडनला गेले. न्यूयॉर्कमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासोबत ते वसतिगृहात राहिले. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते या पुस्तकात नोंदवतात. म्हणजे ज्या शहरात भाषा, हवामान, अन्न आणि माणसे परकी होती, त्या शहरात ते परके उरले नाहीत.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्याच्या स्थानकावर उतरले तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला, तो जायचे कोठे हा. हिंदू खाणावळी ठाऊक होत्या, पण तेथे खरे नाव सांगून प्रवेश मिळणार नव्हता. परदेशात ओळख झालेले मित्र शहरात होते, पण ते घरात घेतील याची शाश्वती नव्हती. अखेरीस पारशी पथिकाश्रमाचा पर्याय निघाला. तेथे रखवालदाराला अंगावर सदरा आणि कस्ती दिसली नाही. तडजोड होऊन नोंदवहीत पारशी नाव लिहिले गेले आणि वरच्या मजल्यावरची एक लहान खोली मिळाली. खोलीला लागून अडगळीने भरलेले मोठे दालन, दिव्याचा अपुरा उजेड, वटवाघळांची फडफड आणि बोलायला एकही माणूस नाही, असे त्या रात्रींचे वर्णन आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिना चढून आले. त्यानंतर एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागून पाहिला. दोघांनीही नकार दिला. दुपार-संध्याकाळ कमाटी बागेत काढून रात्री नऊच्या गाडीने आंबेडकर मुंबईला परतले.

परक्या शहरातील स्वस्त निवासाची अडगळीची खोली हा प्रवासलेखनातील हमखास विनोदाचा विषय असतो. बडोद्याच्या त्या खोलीचे वर्णन वाचताना विनोदाची शक्यताच संपते, कारण त्या खोलीपलीकडे दुसरी खोली नाही. बॅकपॅकर वाईट खोली निवडतो आणि उद्या सोडतो. आंबेडकरांना त्या वाईट खोलीसाठी स्वतःचे नाव द्यावे लागले आणि तरीही ती टिकली नाही.

चाळीसगाव : सन्मान आणि टांगा

तिसरा प्रसंग १९२९ सालचा, खानदेशातील आहे. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे आंबेडकर सदस्य होते. समितीचे काम आटोपून परतताना धुळे मार्गावरील एका गावी स्पृश्यांनी घातलेल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. मुंबई-भुसावळ मार्गावरून धुळ्याचा फाटा येथूनच फुटतो. चाळीसगावच्या दलित वस्तीतील मंडळींनी स्थानकावर येऊन रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला आणि तो त्यांनी मान्य केला. गावी जाऊन चौकशी करून ते पुढच्या गाडीने परतले. स्थानकावर हारतुऱ्यांनी स्वागत झाले. महारवाडा सुमारे दोन मैलांवर, नदीवरील फरशीपलीकडे होता. स्थानकाबाहेर टांगे उभे होते, तरीही निघायला जवळजवळ तासभर उशीर झाला. अखेर टांगा आला. दोनशे पावले जातो न जातो तोच मोटारीवर आदळता आदळता वाचला. कठडे नसलेल्या फरशीवर वळताना चाक बाजूच्या दगडावर आपटले. आंबेडकर फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासह नदीत कोसळला. पायाचे हाड मोडले आणि कित्येक दिवस हिंडणे-फिरणे बंद झाले.

उशिराचे आणि अपघाताचे कारण लेखकाला नंतर कळते, आणि वाचकालाही तेव्हाच कळते. अस्पृश्य उतारूला टांग्यातून नेणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. पाहुण्याने पायी यावे हे यजमानांना रुचले नाही. तेव्हा टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकायचा नाही, अशी तोड निघाली. यजमानांपैकीच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता.

या प्रसंगाचे सामर्थ्य त्याच्या कथनक्रमात आहे. मसूर आणि बडोद्यात अपमान समोर उभा राहून बोलतो. चाळीसगावात आंबेडकरांना कोणीही अपशब्द वापरलेला नाही. नकार त्यांच्या कानाआड घडतो, तडजोडही कानाआड होते आणि तिची किंमत मात्र त्यांच्या शरीराला मोजावी लागते. अस्पृश्यतेचे काम प्रत्यक्ष शिवीवाचूनही कसे चालते हे याहून नेमकेपणाने सांगणे कठीण आहे. वाचकाला आधी अपघात दिसतो आणि मग त्याचे सामाजिक कारण कळते. अपघात हा शब्द तेथे अपुरा पडतो.

दुसरी लक्षणीय गोष्ट म्हणजे येथे दोन प्रतिष्ठांचा संघर्ष आहे. टांगेवाल्याची प्रतिष्ठा जातीतून आलेली आहे. पोटासाठी घोडा हाकणारा माणूस बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षा स्वतःला वरचा मानू शकतो, हा निष्कर्ष लेखक कडवटपणे नोंदवतो. यजमानांची प्रतिष्ठा मात्र नव्याने जागी झालेली आहे. आपला माणूस सरकारी समितीचा सदस्य म्हणून आला आहे, त्याने धुळीतून चालत येऊ नये, ही भावना हास्यास्पद ठरवता येत नाही. तरीही प्रतिष्ठेपेक्षा सुरक्षितता मोठी हे ते विसरले, असे आंबेडकर लिहितात. ज्यांच्यासाठी झटायचे त्यांच्या चुकीवर बोट ठेवताना लेखकाने त्यांना झाकलेले नाही आणि दूरही लोटलेले नाही. पुस्तकाच्या विश्वासार्हतेचा हा मोठा आधार आहे.

दौलताबाद : पर्यटकांची मंडळी

चौथा प्रसंग १९३४ मधील असून तो उघडउघड पर्यटनाचा आहे. चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्याचा बेत ठरतो. औरंगाबाद आणि दौलताबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. इंग्रजी मुलखातून निघालेल्या या मंडळींच्या दृष्टीने तो वेगळ्या राज्याचा प्रदेश होता. वाटेत अडचण नको म्हणून प्रवास ओळख न देता करण्याचे ठरलेले होते. दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने माखलेल्या काहींनी हौदाच्या पाण्याने तोंड धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवल्याचा ओरडा झाला. रमजानचा महिना होता आणि ओरडणारे मुसलमान होते. आंबेडकरांनी संतापून त्यांच्या धर्माचाच दाखला मागितला तेव्हा ओरडा शमला. किल्ला पाहायला परवानगी मिळाली, ती कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर आणि पहाऱ्यासह.

मुखवटे आणि व्हिसा

चारही प्रसंग एकत्र ठेवले असता एक रचनासूत्र हाती लागते. मसूरच्या नाक्यावर मुसलमान, बडोद्यात पारशी, दौलताबादला अनाम पर्यटक, असे तीन मुखवटे या पुस्तकात येतात. पहिल्याने घोटभर पाणी मिळवून दिले नाही. दुसऱ्याने दहा दिवस छप्पर दिले. तिसरा एका हौदापाशी गळून पडला. चाळीसगावात मात्र मुखवटा नाही. तेथे आंबेडकर स्वतःच्या नावाने, सरकारी कामावर आणि गळ्यात हार घालून उतरतात. चारपैकी याच ठिकाणी त्यांना जबर शारीरिक इजा होते. खोटे नाव घेतले तर हाकलले जाण्याची भीती, खरे नाव घेतले तर वाहन नाही, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

या सूत्रावरून शीर्षकाचा अर्थ लावता येतो. शीर्षकाचा उलगडा मजकुरात कोठेही केलेला नाही. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याची परवानगी. ती देणारी कचेरी आणि ती नाकारण्याचे नियम ठरलेले असतात. या पुस्तकात मात्र स्टेशनमास्तर, गाडीवान, नाकेदार, रखवालदार, टांगेवाला आणि हौदाकाठचा वृद्ध असा प्रत्येक जण व्हिसा-अधिकारी झालेला आहे. त्यांच्यापैकी कोणाचीही नेमणूक झालेली नाही आणि त्यांच्या निर्णयावर दाद मागायला जागा नाही. ज्याच्याकडे न्यूयॉर्क आणि लंडनला जाण्याची कागदपत्रे होती, त्याला चाळीसगावचे दोन मैल ओलांडता येत नव्हते. व्हिसाची वाट पाहणारा येथे परदेशाच्या दारात उभा नाही, स्वतःच्या देशाच्या दारात उभा आहे.

खानदेशाच्या इतिहासात हा विरोधाभास अधिक टोकदार होतो. हा प्रदेश वाटसरूंचा आहे. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादहून नंदुरबारमार्गे खंबायतकडे गेला आणि नंदुरबारच्या मराठी लोकांच्या कसबाविषयी त्याने लिहून ठेवले. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून खानदेश ओलांडत बुऱ्हाणपूरला पोहोचला. तेव्हा कोतवाल लवाजम्यासह सामोरा आला. दिलेल्या खोल्या भट्टीसारख्या कोंदट म्हणून रोने तक्रार केली आणि स्वतःच्या तंबूत राहणे पसंत केले. समुद्रापलीकडून आलेल्या, भाषा न कळणाऱ्या माणसाला या भूमीने सामोरे जाऊन जागा दिली. जागा पसंत नसल्याची तक्रार करण्याचा अधिकारही त्याला होता. आजही अजिंठ्याला जाणारे अनेक विदेशी प्रवासी जळगाव स्थानकावर रात्री-अपरात्री उतरतात. विदेशी पाहुण्याची माहिती ठरावीक मुदतीत कळवण्याचे बंधन हॉटेलचालकावर असते. पारपत्र दाखवणे आणि नोंदवहीत नाव लिहिणे एवढ्यावर त्यांचे काम होते. खरे नाव लिहून खोली मिळणे ही त्यांच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी घटनाही नसते. बडोद्याची नोंदवही आठवली म्हणजे या साध्या गोष्टीचे मोल कळते.

मर्यादा आणि आक्षेप

या पुस्तकाला प्रवासलेखन म्हणण्यावर एक आक्षेप येऊ शकतो. सोसलेल्या अन्यायाची साक्ष असलेल्या लेखनाला वाङ्मयप्रकाराच्या चौकटीत बसवल्याने त्याची धार बोथट होईल, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु येथे उद्देश पुस्तकाला प्रवासवर्णनाच्या रांगेत उभे करण्याचा नसून, त्या रांगेलाच या पुस्तकाच्या आधारे तपासण्याचा आहे. 'अपूर्वाई' वाचताना येणारा निर्मळ आनंद त्यामुळे खोटा ठरत नाही. तो आनंद कोणत्या निर्धास्तपणावर उभा आहे, एवढेच अधिक स्पष्ट होते.

पुस्तकाच्या काही मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. लेखकाच्या चार प्रसंगांत स्त्रिया जवळजवळ नाहीत. चाळीसगावच्या वस्तीतील स्त्रियांचा आक्रोश तेवढा एका वाक्यात ऐकू येतो. अनोळखी गावी रात्री पोहोचणाऱ्या दलित स्त्रीचा अनुभव येथे मिळत नाही. तसेच टांगा हाकणाऱ्या त्या अननुभवी माणसाची बाजू पुस्तकात येत नाही. सन्मानासाठी लगाम हाती घेतलेल्या आणि पाहुण्याच्या रक्ताने हादरलेल्या त्या माणसाला पुढे काय वाटत राहिले असेल, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतो. लेखन संक्षिप्त आणि परदेशी वाचकासाठी असल्याने हे घडले असावे.

हा उरलेला भाग पुढच्या मराठी लेखनाने काही प्रमाणात भरून काढला. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) या आत्मकथनांत गाव, वेस आणि मुक्काम यांचे वेगळे भूगोल येतात. 'उपरा' या शीर्षकातच परकेपणाचा उच्चार आहे. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणाऱ्या समाजाचा मुक्काम वेशीबाहेर पडतो. पाठीवर घर घेऊन फिरणे ही त्यांची हौस नव्हती. 'व्हिसा' आणि 'उपरा' ही दोन शीर्षके शेजारी ठेवली तर मराठी माणसाच्या प्रवासाचा एक न लिहिलेला इतिहास डोळ्यांपुढे येतो.

समारोप

भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, तसेच विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणावरही निर्बंध घालता येणार नाही, असे म्हटले आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, सार्वजनिक वाहनाचाही त्यात समावेश केला. ही यादी आणि या पुस्तकातील स्थळे समोरासमोर ठेवून वाचावीत. पथिकाश्रम, हौद, रस्ता, टांगा. कायद्याच्या कोरड्या यादीतील प्रत्येक शब्दामागे कोणाची तरी तहान आणि कोणाची तरी रात्र आहे, हे त्या वाचनातून जाणवते. एका मसुद्याचा दुसऱ्याशी थेट संबंध सिद्ध करण्याची गरज नाही. एकाच वास्तवाला दोन्हींनी दिलेले ते उत्तर आहे.

प्रस्तुत विवेचनातून पुढील गोष्टी हाती येतात. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आठवणींचे विस्कळीत संकलन नसून आगमन, अडवणूक आणि मुक्काम या क्रमाने बांधलेले लेखन आहे. त्यातील व्यावहारिक तपशील प्रवासवर्णनाचेच आहेत, फक्त त्यांचे कार्य बदललेले आहे. चाळीसगावचा प्रसंग हा या पुस्तकाचा मध्यबिंदू आहे, कारण तेथे मुखवटा नाही आणि समोर दिसणारा अपमानकर्ताही नाही. मराठी प्रवासवर्णनाच्या अभ्यासाने परदेशवारीच्या पुस्तकांबरोबर या पुस्तकाचाही विचार केला पाहिजे.

धुळ्याजवळ लळिंगच्या परिसरातील लांडोर बंगल्यात १९३७ मध्ये न्यायालयीन कामासाठी आलेल्या बाबासाहेबांचा मुक्काम झाला होता. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला लोक तेथे जमतात. एका मुक्कामाची जत्रा व्हावी हे बाहेरच्या माणसाला नवलाचे वाटू शकेल. चाळीसगावच्या फरशीची हकीकत ज्याने वाचली आहे त्याला ते नवल वाटणार नाही. ज्या समाजाला शतकानुशतके कोठेही मुक्काम मिळाला नाही, त्याच्या स्मृतीत सन्मानाने घडलेला एक मुक्काम तीर्थासारखा जपला जातो. अनोळखी गावी रात्री उतरल्यावर दार उघडले जाणे ही गोष्ट किती मोठी आहे, हे खानदेशाला असे दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.